अमिकासिन-जेंटामायसिनचा पहिला डोस देण्याआधी

सुरुवात वजनकाट्यापासून करा. केसपेपरवर अंदाजाने लिहिलेलं वजन चालवून घेऊ नका. ही दोन्ही एकाच गटातली (अमिनोग्लायकोसाइड) जंतुनाशक औषधं; ती चरबीत फारशी शिरत नाहीत, पेशींबाहेरच्या पाण्यात पसरतात. किलोमागे साधारण पाव लिटर पाणी धरायचं. म्हणून रुग्ण खूप स्थूल असेल तर उंचीवरून आदर्श वजन काढा, त्यावरच्या जादा वजनाचे ४० टक्के त्यात मिळवा आणि त्या आकड्यावर डोस ठरवा. पोटात पाणी साठलंय का, अंगावर सूज आहे का, भाजलंय का, सेप्सिससाठी (अंगभर भिनलेल्या गंभीर संसर्गासाठी) भरपूर सलाईन गेलंय का, हेही बघून घ्या. अशा रुग्णांत औषधाला पसरायला जागा जास्त मिळते आणि जंतू मारायला लागणारी वरची पातळी नेहमीच्या डोसने गाठलीच जात नाही. मेंदूच्या आवरणाचा संसर्ग असेल तर तिथे ही औषधं नीट पोचत नाहीत. नुसत्या शिरेतल्या डोसवर विसंबू नका.

आता मूत्रपिंड. इथे घाई नको. या औषधांचं यकृतात काहीच होत नाही. जशी आत गेली तशीच लघवीवाटे बाहेर पडतात. बाहेर जायची वाट ही एकच, म्हणून नुसतं 'क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारा आणि मूत्रपिंड गाळून टाकतं तो टाकाऊ पदार्थ) नॉर्मल' एवढं वाचून पुढे जाऊ नका. सत्तर वर्षांच्या, ५० किलो वजनाच्या आजींचं क्रिएटिनिन ०.८ आहे असं समजा. १४० मधून ७० वजा, गुणिले ५०, भागिले (७२ गुणिले ०.८), आणि स्त्री म्हणून ०.८५ ने गुणायचं: मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मिनिटाला जेमतेम ५२ मिली. स्नायू कमी, म्हणून क्रिएटिनिन कमी. मूत्रपिंड तरुण नाही. मूत्रपिंड धड असेल तर रक्तातलं औषध दोन-तीन तासांत निम्मं होतं, पार निकामी असेल तर तीस तास किंवा त्याहूनही जास्त लागतात. अशा वेळी दोन डोसांमधलं अंतर वाढवा. डायलिसिस चालू असेल तर डोस डायलिसिसनंतरच.

दिवसातून एकदाच द्यायचं की तीनदा, तेही आधीच ठरवा. मूत्रपिंडाच्या पेशी हे औषध ठरावीक वेगानेच ओढून घेतात; रक्तात पातळी कितीही चढली तरी त्या वेग फारसा वाढवू शकत नाहीत. त्यामुळे एकच मोठा डोस आणि मग मोकळे तास, हे बहुतेकांना जास्त सोसतं. व्हँकोमायसिन, अँफोटेरिसिन, फ्युरोसेमाइड यांपैकी काही चालू असेल तर ते कागदावर ठळक लिहा, कारण त्यांच्या जोडीने मूत्रपिंडाला किंवा कानाला इजा होण्याचा धोका वाढतो.

रक्तातली औषधाची पातळी तपासायची असेल तर डोस प्रत्यक्ष कधी सुरू झाला आणि कधी संपला, घड्याळ बघून लिहा. ठरलेली वेळ उतरवू नका. रक्त दुसऱ्या हातातून घ्या. जेंटामायसिन दिवसातून एकदा देत असाल तर पुढच्या डोसआधीची पातळी लिटरला १ मिलिग्रॅमच्या खाली हवी. पेनिसिलिन गटातलं औषधही चालू असेल तर दोन्ही एकाच सिरिंजमध्ये किंवा बाटलीत मिसळू नका, आणि नमुना लॅबला लगेच पाठवा, कारण नळीतही ते या औषधाला निष्प्रभ करत राहतं.

शेवटी कान. आवाज येतात का, ऐकू कमी येतं का, उठल्यावर तोल जातो का, हे पहिल्या डोसआधी रुग्णाला विचारून लिहून ठेवा. घरात कुणाला अशाच इंजेक्शनांनंतर बहिरेपण आलं होतं का, तेही विचारा. आईकडून येणाऱ्या एका जनुकीय बदलामुळे थोड्या डोसनेही कान जाऊ शकतो. रक्तातून औषध गेलं तरी आतल्या कानात आणि मूत्रपिंडात ते बरेच दिवस रेंगाळतं, तेव्हा शेवटच्या डोसनंतरही काही आठवडे हेच प्रश्न पुन्हा विचारायचे, ही नोंद डिस्चार्ज कार्डवर आत्ताच करा.