माणग्याचे बेट लावताना: रोपाच्या निवडीपासून तोडणीपर्यंत

सिंधुदुर्गात वरकस, म्हणजे हलक्या डोंगराळ जमिनीवर किंवा बांधाच्या कडेला माणगा ही बांबूची जात लावायची असेल, तर जागा आणि खड्डा यांच्याही आधी रोप कोणत्या बेटातून (बांबूच्या काठ्यांच्या एकत्र वाढलेल्या पुंजक्यातून) येणार आहे याची चौकशी करावी. हापूसचे कलम घेताना मातृवृक्ष पाहणारा बागायतदार बांबू मात्र मिळेल तेथून उचलतो, आणि पुढे कित्येक दशके त्याच बेटाकडून उत्पन्नाची अपेक्षा धरतो.

ही चौकशी का करावी, हे बांबूच्या जडणघडणीवरून समजते. भात आणि नाचणीप्रमाणेच बांबू तृणकुळातला असून जगात त्याच्या सोळाशेहून अधिक जाती आहेत. काष्ठमय बांबूंची उत्पत्ती निरनिराळ्या पूर्वजांच्या प्राचीन संकरातून झाली, त्यामुळे त्यांच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनाहून अधिक संच असतात. मोसो या चिनी जातीचा जनुकसंच 2013 मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून या अभ्यासाला वेग आला आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यातला मुद्दा असा की बियांपासून वाढवलेली रोपे एकमेकांसारखी निघतील याची खात्री नसते, तर कंदापासून (काठीच्या जमिनीखालील मुळांसह बुडख्यापासून) केलेले रोप हे मूळ बेटाचीच जनुकीय प्रत असते.

प्रत असल्यामुळे त्या रोपाला बेटाचे वयही मिळते. कळक हा काटेरी बांबू साधारण चाळीस ते पन्नास वर्षांनी सामूहिक फुलोऱ्यावर येतो, बी टाकतो आणि वाळून जातो. फुलोऱ्याच्या उंबरठ्यावरील बेटाचा कंद आज लावला, तर कोवळे दिसणारे रोपही त्याच सुमारास फुलून मरू शकते. जपानच्या मादाके जातीचे चक्र सुमारे 120 वर्षांचे आहे, आणि 1960 च्या दशकात तिच्या दूरदूरच्या देशांत नेऊन लावलेल्या बेटांनाही फुलोरा आला होता. मिझोराममध्ये अशाच फुलोऱ्यानंतर बियांवर पोसलेल्या उंदरांची संख्या वाढून, त्यांनी पिके खाल्ल्याने 1959 मध्ये दुष्काळ पडला. म्हणून कळकाचा कंद घेताना त्या भागात शेवटचा फुलोरा केव्हा आला होता, हे गावातील जाणत्यांना विचारावे. रोप बियांचे असेल, तर बी कोणत्या वर्षीचे आहे ते लिहून ठेवावे.

माणग्याची गोष्ट वेगळी आहे. त्याला फुलोरा तुरळक येतो आणि त्यातून सहसा बी धरत नाही, त्यामुळे कोणी माणग्याचे बी विकू लागल्यास ते घेऊ नये. पिढ्यानपिढ्या कंदांवरच लागवड होत आल्याने एका गावातील सगळी बेटे एकाच मूळ बेटाची असण्याची शक्यता असते. तसे असेल, तर एखादा रोग साऱ्या लागवडीवर एकाच वेळी पडू शकतो. म्हणून तीन-चार निरनिराळ्या गावांतील सरळ, भरीव, लांब पेरांच्या काठ्या देणारी बेटे निवडून त्यांचे कंद मिसळून लावावेत आणि कोणता कंद कोठला याचा नकाशा जपून ठेवावा.

कंद काढण्यासाठी मागील पावसाळ्यात उगवलेली काठी निवडावी. ती सुमारे एक मीटर उंचीवर तिरपी कापून मुळांसह खणावी व पाऊस स्थिरावताच लावावी. पाच मीटर अंतर आणि साठ सेंटिमीटरचा खड्डा पुरेसा होतो. जांभ्याच्या उतारावर माणगा उत्तम येतो. मात्र जेथे कातळावर मातीचा थर अगदी पातळ आहे किंवा पाणी तुंबते, तेथे लावू नये. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे आणि गुरांपासून राखण करावी. काठीची जाडी कोंब उगवतानाच ठरलेली असते व नंतर वाढत नाही, म्हणून आज घातलेले शेणखत उभ्या काठीला नव्हे, तर पुढच्या पावसाळ्यातील कोंबाला जाड करते. बेटाच्या बुंध्याशी दरवर्षी मातीची भर घालण्याचा उपयोगही असाच पुढच्या वर्षी दिसतो.

तोडणी चौथ्या-पाचव्या वर्षापासून सुरू करावी आणि तीन वर्षांच्या काठ्याच घ्याव्यात. कोणती काठी किती वर्षांची हे नंतर ओळखणे कठीण जाते, म्हणून दर दिवाळीला त्या वर्षीच्या काठ्यांवर वेगळ्या रंगाचा पट्टा मारावा. नवे कोंब बेटाच्या बाहेरच्या कडेला येतात व जुन्या काठ्या मध्यभागी राहतात, त्यामुळे एका बाजूने घोड्याच्या नालासारखी वाट पाडून आत शिरावे. काप जमिनीलगतच्या गाठीच्या अगदी वर घ्यावा. उरलेल्या खुंटाचा पेला झाला, तर त्यात पाणी साचून खुंट कुजतो आणि डासही वाढतात.

तोडणीचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यानंतर, कोंब फुटण्यापूर्वी, काठीत स्टार्चचा साठा वाढतो आणि पोखरणारे भुंगेरे त्याच्यासाठीच येतात. अंधाऱ्या पंधरवड्यात तोडण्याची रूढी पाळायला हरकत नाही, पण खरा फरक ऋतूने पडतो. तोडलेल्या काठ्या दोन-तीन आठवडे वाहत्या व्हाळात (ओढ्यात) बुडवून ठेवल्यास बराचसा स्टार्च धुऊन निघतो. बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या पाच टक्के द्रावणात भिजवणे अधिक खात्रीचे असले, तरी हे क्षार पावसात वाहून जातात. त्यामुळे ही प्रक्रिया छपराखालील वाशांना व फर्निचरला लाभते, मळ्यातील मांडवाला नाही.

भारतीय वन अधिनियमातील 2017 च्या दुरुस्तीने वनेतर जमिनीवरील बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेला आहे. तरीही लागवडीची नोंद सातबाऱ्यावर करून घ्यावी, म्हणजे काठ्यांनी भरलेला ट्रक घाट चढताना अडवला गेल्यास मालकीचा कागद हाताशी राहतो.