घरच्या घरी पिकअपच्या पुढच्या चाकांची बेअरिंग कशी बदलावी

पहाटे इंदूरच्या चोइथराम मंडीत भाजी उतरवून येणारी पिकअप असो की पीथमपूरला माल पोहोचवणारी, पुढून घूं-घूं आवाज यायला लागला की पहिला संशय टायरवर जातो. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. बेअरिंगचा आवाज मात्र डांबरावर असो की काँक्रीटवर, तसाच राहतो आणि वेगाबरोबर चढत जातो. खंडवा रोडला भेरूघाटाच्या वळणांवर तो चांगला पकडता येतो. गाडी डावीकडे वळली की वजन उजव्या चाकावर येतं. तेव्हा आवाज वाढला, तर बहुधा उजवं बेअरिंग गेलेलं असतं. उजवीकडे वळताना वाढला, तर डावं.

खात्री करायला चाक जॅकवर उचला आणि एक हात वर, एक खाली ठेवून हलवा. खटखट जाणवली, तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खटखट थांबली, तर ढिलाई बेअरिंगची. तशीच राहिली, तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट (चाक ज्यावर वळतं ते सांधे) बघावा लागेल, आणि मग बेअरिंगवर पैसे घालून उपयोग नाही. हात आडवे, म्हणजे डावी-उजवीकडे ठेवून हलवल्यावरच ढिलाई जाणवत असेल, तर ती बहुतेक स्टिअरिंगच्या सांध्यांची असते.

इथे सांगितलेली पद्धत हबमध्ये (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) दोन टेपर रोलर, म्हणजे निमुळत्या रोलरची, बेअरिंग असलेल्या गाड्यांची आहे: आत मोठं, बाहेर लहान, वर नट आणि तो फिरू न देणारी स्प्लिट पिन. बऱ्याच टू-व्हील ड्राइव्ह पिकअपना पुढे हीच रचना असते. तुमच्या गाडीत नकलमध्ये (स्टिअरिंगबरोबर वळणारा, चाक धरणारा भाग) प्रेसने बसवलेलं सीलबंद बेअरिंग असेल, तर ते घरी हातोडीने काढायच्या भानगडीत पडू नका. तिथे हायड्रॉलिक प्रेसच लागते. फोर-व्हील ड्राइव्हची जोडणीही वेगळी असते.

सामान

बेअरिंगच्या कोनवर (रोलर असलेला आतला भाग) आणि कपवर (हबमध्ये बसणारी बाहेरची कडी) नंबर कोरलेला असतो. शक्य असेल तर जुनं काढून नंबर बघून मगच दुकानात जा. नंबर मेट्रिक मालिकेतला असेल, तर शेवटच्या दोन आकड्यांना ५ ने गुणलं की आतलं छिद्र किती मिलिमीटरचं ते कळतं. ३०२०५ म्हणजे २५ मिमी. काउंटरवर चुकीचा डबा हातात आला, तर एवढ्यानेच ओळखता येतो. एसकेएफ, टिमकेन, जयपूरची एनबीसी हे नेहमीचे ब्रँड. पण याच नावांचा नकली मालही बाजारात फिरतो, म्हणून ट्रान्सपोर्ट नगरात घेतलंत तरी अधिकृत विक्रेत्याकडून घ्या आणि पक्कं बिल मागा. डबा उघडा असेल किंवा कोरलेला नंबर पुसट असेल, तर परत करा.

कोनबरोबर कप नवाच घ्यायचा. कप ठीक दिसतोय, फक्त कोन बदलू, हा सल्ला गॅरेजात सर्रास मिळतो. जुन्या कपावर जुन्या रोलरनी पाडलेले पट्टे असतात, आणि नवं कोन त्यांवरच फिरून लवकर बिघडतं. ऑइल सील आणि स्प्लिट पिनही नव्या. ग्रीस लिथियम कॉम्प्लेक्स, ग्रेड २ चं, डिस्क ब्रेकच्या हबला चालेल असं लिहिलेलं. जुन्या ग्रीसमध्ये नवं कालवू नका.

याशिवाय जॅक, दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), व्हील पाना, सॉकेट सेट, पितळी रॉड, हातोडी, पक्कड, टॉर्क रेंच, बांधायची तार आणि बशीभर डिझेल.

खोलणे

सपाट, पक्क्या जमिनीवर गाडी उभी करा. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. चाकाचे नट जमिनीवरच थोडे सैल करून मग गाडी उचला आणि घोडीवर टेकवा. घोडीऐवजी विटा रचायची सवय आपल्याकडे अजून आहे. वीट वजनाखाली कधी फुटेल सांगता येत नाही. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली तर हातही घालायचा नाही.

चाक काढल्यावर कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा ब्रेकचा भाग) सोडवा आणि तारेने सस्पेन्शनला बांधून ठेवा. ब्रेकच्या होजवर त्याला लोंबकळू दिलंत, तर होज आतून तुटू शकतो. ब्रेकची धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. गाडीला एबीएस असेल, तर सेन्सरची वायर आधी बाजूला घ्या.

मग मधली टोपी हलक्या हाताने चहूकडून ठोकून काढा, स्प्लिट पिन ओढा, नट सोडवा, वॉशर काढा. हब थोडा पुढे ओढला की बाहेरचं बेअरिंग हातात येतं. ते खाली पडू देऊ नका. हब पूर्ण बाहेर आला की मागचं ऑइल सील उचकटा, आतलं बेअरिंग निघेल.

आता स्टब अ‍ॅक्सल (हब ज्यावर फिरतो तो दांडा) डिझेलने धुऊन नीट बघा. बेअरिंग बसायच्या जागी निळसर डाग, खोल चर किंवा झिजलेली पायरी दिसली, तर काम इथेच थांबवा. अशा अ‍ॅक्सलवर नवं बेअरिंग बसवायचं नाही.

कप बदलणे आणि ग्रीस

कप हबमध्ये घट्ट बसलेला असतो. आतल्या खाचांतून पितळी रॉड टेकवून समोरासमोर आळीपाळीने ठोका. एकाच बाजूने ठोकला, तर तो तिरका अडकतो. नवा कप रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला, तर आकसून सोपा बसतो. त्याची रुंद तोंडाची बाजू हबच्या बाहेरच्या दिशेला यायला हवी. जुना कप वर ठेवून त्यावर ठोकता येतं, पण तो तिथेच अडकू नये म्हणून त्याची बाहेरची कड आधी थोडी घासून घ्या. कप तळाला टेकला की ठोकण्याचा आवाज एकदम भरीव होतो. तेवढ्यावर थांबा.

ग्रीस नुसतं वरून चोपडून चालत नाही. तळहातावर गोळा घ्या आणि बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबून ओढत राहा, रोलरांच्या मधून दुसऱ्या बाजूला ग्रीस बाहेर येईपर्यंत. असं गोल सगळीकडे करा. हबच्या पोकळीत मात्र तिसरा हिस्सा ते अर्धीच भरा. ठासून भरलेलं ग्रीस घुसळून तापतं. आतलं बेअरिंग ठेवा, सील सरळ ठोकून कडेला समतल बसवा, सीलच्या ओठावर, म्हणजे आतल्या रबरी कडेवर, बोटभर ग्रीस लावा. सीलच्या स्प्रिंगची बाजू ग्रीसकडे असते.

हातावर धूळ किंवा फडक्याचे धागे असतील, तर या टप्प्याला आधी हात धुऊन या. दुपारी रस्त्याकडेला माती उडत असताना हे काम करू नये.

नट आवळणे

हब चढवा, बाहेरचं बेअरिंग आणि वॉशर लावा. वॉशरची जीभ अ‍ॅक्सलच्या खाचेत बसली पाहिजे, नाहीतर बेअरिंगबरोबर नटही फिरेल. सगळ्या कामात चुका इथेच जास्त होतात, कारण "जरा घट्ट असलेला बरा" असं वाटतं. टेपर बेअरिंगमध्ये जरासं सैल चालतं, घट्ट चालत नाही. घट्ट केलं की रोलर तापतात, ग्रीस पातळ होऊन वाहतं आणि नवं बेअरिंगही जळतं.

मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने नट आवळा, पण आवळताना हब हाताने सतत फिरवत राहा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतील. मग नट पूर्ण सैल करून फक्त बोटांनी घट्ट करा. पिनचं भोक जुळत नसेल, तर पुढे आवळू नका, मागे सरकवा. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं मापक) असेल, तर हबची आत-बाहेर हालचाल साधारण ०.०३ ते ०.१२ मिमी भरावी. मॅन्युअलने वेगळा आकडा दिला असेल, तर तोच खरा. गेज नसेल, तर हब मोकळा फिरला पाहिजे आणि हाताने ओढल्यावर खटखट जाणवता कामा नये. नवी पिन घालून टोकं दुमडा आणि टोपी बसवा.

कॅलिपर लावा, डिस्कला लागलेलं ग्रीस ब्रेक क्लीनरने पुसा, चाकाचे नट ताऱ्यासारखे आळीपाळीने आवळून टॉर्क रेंचने तपासा. गाडी हलवण्याआधी ब्रेक दोन-चार वेळा दाबा, म्हणजे पॅड पुढे येतील. दुसऱ्या बाजूचं बेअरिंगही तेवढेच किलोमीटर चाललेलं आहे, तेव्हा सामान पसरलेलं असताना तेही करून घ्या.

पहिली फेरी रिकाम्या गाडीची, आठ-दहा किलोमीटरची. शेवटी ब्रेक फार न वापरता गाडी थांबवा आणि हबला हात लावा. दोन्ही बाजू सारख्या कोमट असल्या, तर ठीक. एक बाजू हात ठेववत नाही इतकी तापली, तर नट एक खाच मागे घ्या. तरीही तापली, तर खोलून कप पूर्ण टेकलेत का ते बघा. ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट पुन्हा आवळा. ग्रीसची फडकी कचरागाडीच्या घातक कचऱ्याच्या कप्प्यात टाका. मळकं डिझेल गटारात न ओतता बाटलीत भरून गॅरेजवाल्याला द्या.