खासदाराच्या वहीत डोकवायचं कसं

अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, आमच्या घरात रविवारचं एक भांडण ठरलेलं असतं. आमचे हे डेमोक्रॅट, धाकटे दीर रिपब्लिकन. कुकर उतरेपर्यंत "तुमचे सगळे विकले गेलेत" आणि "तुमचे काय धुतल्या तांदळाचे?" एवढ्या दोन वाक्यांवर तास जातो. मी सांगलीत सात वर्षं एका पतसंस्थेत हिशेब तपासले, इथे येऊन वीस वर्षं दुसऱ्यांच्या दुकानांची पुस्तकं लिहिली. चोर कोण ते ओरडून ठरत नसतं, हे मला तिसऱ्या वर्षीच कळलं होतं. वही बघावी लागते. आणि इथे खासदारांच्या देणग्यांची आणि खर्चाची वही उघडीच पडलेली आहे, कुणाच्या पाया पडावं लागत नाही. मग एका रविवारी मी लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर आणला. तेव्हापासून ओळखीपाळखीचे विचारत असतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते.

सुरुवात स्वतःच्या नावापासून करा. केंद्रीय निवडणूक आयोगाची साइट आहे, एफईसी डॉट जीओव्ही. तिथे कॅम्पेन फायनान्स डेटा उघडा, त्यात इंडिव्हिज्युअल काँट्रिब्युशन्स. नाव टाका, झिप कोड टाका. काही आलं नाही तर लगेच बंद करू नका. साइट आपणहून फक्त चालू दोन वर्षांचा काळ दाखवते, जुन्या काळांवर वेगळी खूण करावी लागते. या एका खुणेपायी निम्मे लोक "काही सापडत नाही बुवा" म्हणून उठतात.

माझ्या नावापुढे २०२० मधले २५ डॉलर निघाले. मी विसरूनही गेले होते. नियम असा की एका उमेदवाराला तुम्ही २०० डॉलरच्या वर दिलेत तरच त्याला तुमचं नाव, धंदा आणि मालक, म्हणजे तुम्ही नोकरी करता ती कंपनी, लिहावा लागतो. मग माझे २५ कसे आले? कारण ते मी अ‍ॅक्टब्लू या देणग्या गोळा करणाऱ्या साइटवरून दिले होते. अ‍ॅक्टब्लू डेमोक्रॅटांचं, विनरेड रिपब्लिकनांचं. ही मधली मंडळी आपल्या हातून गेलेला डॉलरन् डॉलर लिहून देतात. त्यामुळे एकच देणगी कधी कधी दोनदा दिसते, एकदा मधल्याच्या नावावर आणि एकदा उमेदवाराच्या. बेरीज करताना ही दुबार नोंद काढा, नाहीतर आकडा फुगतो आणि दिरांसमोर तोंडावर पडायला होतं. मी पडलेय.

एक पथ्य. ही यादी बघायला आहे, वापरायला नाही. यातली नावं उचलून कुणाला विमा विकणं किंवा देणगी मागणं कायद्याने बंद आहे. उमेदवारांना आपल्या प्रत्येक अहवालात दहापर्यंत खोटी नावं घुसडायची मुभा आहे, केवळ यादी चोरणारा पकडला जावा म्हणून. त्या पत्त्यावर पत्र आलं की चोर सापडला. ऑडिटमध्ये असली युक्ती कुणी शिकवली नव्हती मला.

आता खासदाराचं नाव टाका. त्याच्या समितीचं पान उघडेल, जमा एकीकडे आणि खर्च एकीकडे. जमेत आधी मर्यादा ध्यानात ठेवा. २०२५-२६ साठी एक माणूस एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी ३,५०० डॉलर देऊ शकतो. प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, वेगळी, मुख्य निवडणूक वेगळी, म्हणून एकूण ७,०००. नवरा-बायकोची मर्यादा आपापली. ग्रीन कार्डवाले देऊ शकतात, एच-१बी वर असलेले एक डॉलरही देऊ शकत नाहीत. फुकट राबायला मात्र चालतं, घरोघर फिरा, फोन करा. कंपनीने आपल्या गल्ल्यातून उमेदवाराला पैसे देणं १९०७ पासून बंद आहे.

मग लोक म्हणतात, "अमुक कंपनीने तमुक लाख दिले" ते काय? ती बहुतेक वेळा त्या कंपनीत नोकरी करणाऱ्यांच्या देणग्यांची बेरीज असते. ओपनसीक्रेट्ससारख्या साइटवर ती उद्योगवार मांडलेली मिळते. सोय चांगली आहे, पण वाचताना भान ठेवा. आमच्या गल्लीतला एक मुलगा बँकेत आयटीत आहे, त्याने ५०० डॉलर दिले तर ते बँकिंग उद्योगाच्या खात्यात पडतात. म्हणून मी मालकाच्या रकान्यावर गाळणी लावते आणि तारखा बघते. एकाच फर्मचे अकरा लोक एकाच दिवशी पूर्ण मर्यादेचे चेक देतात, तेव्हा तिथे जेवणावळ झालेली असते. गुन्हा नव्हे. पण पंगतीला कोण होतं ते कळतं.

पंगतीवरून आठवलं. काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्यांच्या बेसमेंटमध्ये फंडरेझर, म्हणजे देणग्या गोळा करायचा कार्यक्रम, होता. समोसे, चहा, उमेदवाराबरोबर फोटो. यजमान मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, तुमच्या नावाने एक चेक, भाऊंच्या नावाने एक, मुलाच्या नावाने एक. पैसे मी उद्या झेलने परत पाठवतो." झेल म्हणजे इथलं फोनवरून पैसे पाठवायचं साधन. म्हणजे चेकवर सही माझी, पैसा त्यांचा, आणि मर्यादा खुंटीला. मी म्हटलं, चेकबुक घरी राहिलं. ते पर्समध्येच होतं. दुसऱ्याच्या नावाने देणगी देणं हा सरळ फौजदारी गुन्हा आहे, आणि नाव वापरू देणाराही त्यात सापडतो. मूळ गोव्याच्या कुटुंबातले, मुंबईत जन्मलेले उजव्या विचारांचे लेखक दिनेश डिसूझा २०१४ मध्ये याच कलमाखाली दोषी ठरले, आपला गुन्हा त्यांनी स्वतः कबूल केला. रक्कम होती अवघी २०,००० डॉलर. २०१८ मध्ये ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली, पण आपल्याला कोण देणार? तेव्हा बेसमेंटमध्ये कुणी असं म्हणालं तर चेकबुक घरी विसरा. मला पुढची दोन वर्षं हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही, चालून गेलं.

खर्चाची बाजू लोक बघतच नाहीत, आणि मला तीच जास्त आवडते. पतसंस्थेत अमुक रकमेवर व्हाउचर हवं असा नियम केला की दुसऱ्या महिन्यापासून सगळी बिलं त्या रकमेच्या एक रुपया खाली यायची. इथेही २०० डॉलरच्या वरच्या खर्चाची पावती ठेवावी लागते. न्यूयॉर्कचे रिपब्लिकन जॉर्ज सँटोस २०२२ मध्ये निवडून आले, त्यांच्या अहवालात १९९.९९ डॉलरचे खर्च डझनावारी होते. जेवण १९९.९९, टॅक्सी १९९.९९, हॉटेल १९९.९९. हे कुणाही कारकुनाला एका नजरेत दिसलं असतं. पुढे हाउसच्या, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाच्या, नीतिमत्ता समितीने लिहिलं की प्रचाराचा पैसा बोटॉक्सवर आणि हर्मीसच्या दुकानात गेला होता. १ डिसेंबर २०२३ ला ३११ विरुद्ध ११४ मतांनी त्यांना सभागृहातून काढलं. स्वतःच्या पक्षाच्या शंभराहून जास्त लोकांनी त्यांना काढायच्या बाजूने मत दिलं, हे आमच्या दिरांना मी मुद्दाम सांगते. त्यांच्या बाजूने सांगण्यासारखं सापडलं की सांगावं, त्याने टेबल शांत राहतं. सँटोसना सात वर्षांहून जास्त शिक्षा झाली, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ट्रम्प यांनी ती माफ करून सोडलं. यावर मात्र टेबल शांत राहिलं नाही.

खर्चात लीडरशिप पॅक नावाची वेगळी समिती शोधायला विसरू नका. खासदाराची ही दुसरी थैली. नाव भारदस्त असतं, त्यात खासदाराचं नाव नसतंही. मुख्य समितीतून स्वतःवर खर्च करायला बंदी आहे, इथे ती बंदी पातळ आहे, म्हणून गोल्फ रिसॉर्ट आणि स्टेकहाउसची बिलं इथे भेटतात. दोन्ही पक्षांची. मी एकदा दोघा भावांना एकेक छापील पान दिलं, पक्ष झाकून, आणि ओळखायला सांगितलं. दोघेही चुकले.

सुपर पॅकपाशी, म्हणजे उमेदवारापासून अलग राहून प्रचारावर खर्च करणाऱ्या समित्यांपाशी, आलं की वही जाड होते आणि उजेड कमी. २०१० च्या जानेवारीत सिटिझन्स युनायटेड खटल्यात सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की कंपन्या आणि युनियन उमेदवारापासून अलग राहून हवा तेवढा खर्च करू शकतात. त्याच वर्षी दुसऱ्या एका कोर्टाच्या निकालाने सुपर पॅक जन्मले. यांना मर्यादा नाही. २०२४ मध्ये एकट्या इलॉन मस्क यांनी पाव अब्ज डॉलरहून जास्त ओतले. २०२२ मध्ये सॅम बँकमन-फ्राइडचे वहीत दिसणारे पैसे बहुतांशी डेमोक्रॅटांकडे गेले, तोपर्यंत त्यांची क्रिप्टोची पेढी बुडायची होती. सुपर पॅक कुणाच्या बाजूने किंवा विरुद्ध जाहिरात करतो ते इंडिपेंडंट एक्स्पेंडिचर्सच्या यादीत बघा, खासदाराच्या पानावर ते जमेत दिसणार नाही. नवशिका इथेच फसतो. "माझ्या खासदाराने कुणाचेच मोठे पैसे घेतले नाहीत" म्हणतो, आणि त्याच्यासाठी बाहेरच्यांनी वीस पटींनी खर्च केलेला असतो.

सुपर पॅकला देणगीदारांची नावं द्यावी लागतात. पण देणगीदार म्हणून कधी कधी माणसाऐवजी एखादी ना-नफा संस्था असते, आणि तिला आपले देणगीदार जाहीर करावे लागत नाहीत. रिपब्लिकनांच्या बाजूला वन नेशन, डेमोक्रॅटांच्या बाजूला सिक्स्टीन थर्टी फंड, ही त्यातली मोठी नावं. यांचं वार्षिक कर विवरणपत्र, फॉर्म ९९०, प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या साइटवर फुकट मिळतं. पैसा आला कुठून ते त्यात नसतं, गेला कुठे ते असतं. तेवढ्यावर समाधान मानायचं.

खासदाराचे स्वतःचे शेअर वेगळ्या ठिकाणी मिळतात. २०१२ च्या स्टॉक कायद्याने १,००० डॉलरच्या वरचा सौदा जास्तीत जास्त ४५ दिवसांत कळवावा लागतो. हाउसचे कागद क्लार्कच्या साइटवर, सिनेटचे सिनेटच्या. रक्कम नेमकी नसते, १,००१ ते १५,००० असे टप्पे असतात. उशीर झाला तर दंड २०० डॉलर. हो, दोनशेच. आमच्या सोसायटीत कचऱ्याचा डबा दोन दिवस बाहेर राहिला तर याहून जास्त दंडाचं पत्र येतं. काही खासदार अजून हाताने लिहून स्कॅन पाठवतात, ते शोधात नीट येत नाहीत, पान उघडून डोळे ताणावे लागतात. नवऱ्या-बायकोच्या नावाचे सौदे सोडू नका, त्यांच्यापुढे एसपी लिहिलेलं असतं.

आमच्या न्यू जर्सीचे तेव्हाचे सिनेटर बॉब मेनेंडेझ यांच्या घरावर २०२२ च्या जूनमध्ये झडती झाली. पाकिटांत, जॅकेटांच्या खिशांत मिळून ४,८०,००० डॉलरहून जास्त रोकड, शिवाय सोन्याच्या विटा. जुलै २०२४ मध्ये सोळाही कलमांत दोषी, पुढच्या जानेवारीत अकरा वर्षांची शिक्षा. रोकड अर्थात कुठल्याच वहीत नव्हती. पण सोनं होतं. त्यांनी २०२२ मध्ये आपलं जुनं विवरणपत्र दुरुस्त करून बायकोकडे सोनं असल्याचं लिहून दिलं होतं. म्हणून मी मूळ पत्रापेक्षा दुरुस्त पत्र आधी उघडते. ज्याने दोन वर्षांनी येऊन काहीतरी आठवलं म्हणून सांगितलं, त्याचंच खातं आम्ही पतसंस्थेतही आधी काढायचो.

लॉबिंगचे, म्हणजे कायदे आपल्या बाजूने वळवायला कंपन्या जी माणसं लावतात त्यांचे, कागद तिमाही असतात, सिनेटच्या लॉबिंग साइटवर. इथे विषयाचा कोड किंवा विधेयकाचा नंबर टाकता येतो. ग्रीन कार्डच्या रांगेत उभ्या असलेल्यांनी स्थलांतराचा कोड, आयएमएम, टाकून बघावा. किंवा २०१९ चं एचआर १०४४ हे विधेयक, नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांचा देशवार कोटा उठवणारं. हाउसमध्ये ३६५ विरुद्ध ६५ ने पास झालं. सिनेटने डिसेंबर २०२० मध्ये वेगळ्या स्वरूपात पास केलं. दोघांचा मेळ बसला नाही आणि संसदेची मुदत संपली. एवढी मतं दोन्ही पक्षांची, तरी शून्य. माझ्या भाच्याने त्या रात्री लॉबिंगची यादी काढली, नावं वाचली आणि म्हणाला, "मावशी, इथे पैशाने अडलं की वेळेने?" मला उत्तर देता आलं नाही. कागद तेवढं सांगत नाहीत.

आणखी एक. गैर दिसलं म्हणजे गुन्हा असं समजून तक्रार ठोकू नका. इंडियानातल्या पोर्टेज गावच्या मेयरने ट्रकच्या कंपनीला अकरा लाख डॉलरची कंत्राटं गेल्यावर तिच्याकडून १३,००० डॉलर घेतले. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी म्हटलं की काम झाल्यावर दिलेली बक्षिसी राज्य आणि गावपातळीच्या अधिकाऱ्यांवरच्या केंद्रीय कलमात लाच ठरत नाही. आणि निवडणूक आयोगात सहा जण, एका पक्षाचे तीनपेक्षा जास्त नाहीत, कारवाईला चार मतं हवीत. तीन-तीनवर गाडं अडतं ते अडतंच. २०२५ च्या मे महिन्यात तर चार सदस्यही उरले नाहीत. तक्रारी पडून राहिल्या, पण अहवाल मात्र वेळेवर साइटवर येत राहिले.

तारखा फ्रिजवर लावून ठेवा. निवडणुकीच्या वर्षात १५ एप्रिल, १५ जुलै, १५ ऑक्टोबर, आणि वर्षाचा शेवटचा हिशेब ३१ जानेवारीला. मतदानाच्या बारा दिवस आधी आणखी एक येतो, तो सगळ्यांत कामाचा. बहुतेक मंडळी शेवटच्या रात्री भरतात, तेव्हा सकाळी बघू नका. मी पंधरा तारखेला रात्री दहाला बसते, चहाचं थर्मास घेऊन. त्या रात्री फोन केलात तर हे उचलतील, आणि मग तुम्हाला डेमोक्रॅटांबद्दल ऐकावं लागेल.