इंग्रजी वाक्यरचना आणि अलंकार : या चुका टाळा

इंदूरच्या मराठी घरांतील मुले घरी मराठी आणि गल्लीत हिंदी बोलून इंग्रजीच्या तासाला बसतात. त्यांच्या वह्या तपासताना मला वारंवार जाणवते, की बऱ्याचशा चुका अज्ञानातून होत नसून मराठीतील अगदी बरोबर सवयी इंग्रजीत नेल्यामुळे होतात.

सर्वांत चिवट चूक जोडीच्या अव्ययांची आहे. ‘जरी पाऊस होता तरी आम्ही गेलो’ यात ‘जरी’ला ‘तरी’ची सोबत लागते, म्हणून मुले ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वुई वेंट’ असे लिहितात. ‘ऑल्दो’ने पहिले वाक्य गौण झालेले असते आणि ‘बट’ समान दर्जाची वाक्ये जोडते, त्यामुळे दोहोंपैकी एक खोडावेच लागते.

दुसरी चूक कर्ता गाळण्याची. ‘राजवाड्यावरून जाताना पोह्यांचा वास आला’ हे मराठीत निर्दोष आहे, कारण जाणारा कोण ते ऐकणारा समजून घेतो. परंतु ‘वॉकिंग पास्ट राजवाडा, द पोहा स्मेल्ड वंडरफुल’ असे लिहिले की पोहेच चालत निघतात. स्वल्पविरामानंतर लगेच ‘वुई’ आणावे, म्हणजे चालणारी माणसे जागेवर येतात.

वाक्य लांबलचक असले म्हणजे ते मिश्र, हा समजही सोडावा. गौण वाक्य आहे का, एवढेच पाहावे.

अलंकारांत ‘लाइक’ दिसताच ‘सिमिली’ लिहिण्याची घाई होते. ‘शी लुक्स लाइक हर मदर’ ही उपमा नव्हे; मुलगी आईसारखी दिसते, ही साधी माहिती झाली. अनुप्रासातही अक्षर न पाहता उच्चार ऐकावा : ‘फोन’ आणि ‘फॅन’ यांची स्पेलिंगे वेगळ्या अक्षरांनी सुरू होतात, तरी ध्वनी एकच आहे. देवनागरीत अक्षर आणि ध्वनी बहुधा एकत्रच चालत असल्याने आपल्या मुलांना हा फरक सहसा सुचत नाही.

लिंकन यांच्या १८६३ च्या गेटिसबर्ग भाषणातील ‘ऑफ द पीपल, बाय द पीपल, फॉर द पीपल’ याला माझे निम्मे विद्यार्थी ‘अ‍ॅनाफोरा’ म्हणतात. अ‍ॅनाफोरात आरंभीचा शब्द पुन्हा येतो. येथे शेवटचा येतो, म्हणून हा ‘एपिस्ट्रोफी’. गोंधळाचे कारण शोधायला मला बराच वेळ लागला : मुलांनी ते वाक्य आधी ‘लोकांचे, लोकांनी, लोकांसाठी’ असे मराठीत ऐकलेले असते, आणि मराठीत प्रत्यय मागे लागत असल्यामुळे ‘लोक’ खरोखरच आधी येतात.