शेवटची हरिणी पहिल्याच दृश्यात

एमएला आम्हाला प्राचीन ग्रीक नाटककार युरिपिडीसचं 'इफिजेनिया ॲट ऑलिस' होतं आणि जोडीला मायकेल काकोयानिसचा १९७७चा 'इफिजेनिया' हा सिनेमा. गोष्ट एकच: ट्रॉयच्या युद्धाला निघालेली ग्रीक जहाजं वाऱ्याअभावी अडकतात आणि वारा सुटावा म्हणून सेनापती आगामेम्नॉन स्वतःची मुलगी इफिजेनिया हिला आर्टेमिस देवीपुढे बळी द्यायला निघतो. इंटर्नलला दोन्हींची तुलना. मी पानाच्या मधोमध रेघ मारली आणि फरक भरत सुटले: नाटकात ग्रीक सरदार ओडिसियस रंगमंचावर येत नाही, सिनेमात येतो, कोरसला, म्हणजे गाणाऱ्या बायकांच्या समूहाला, कात्री लागली, सैन्य खरोखर दिसतं. चांगले सत्तावीस फरक झाले. मॅडमनी खाली लिहिलं, "बरं, मग?" वीसपैकी नऊ.

तेव्हा नव्याने बसणाऱ्यांनी रेघ मारूच नये. एकच जागा धरावी आणि तिथेच खणत राहावं.

मला ती जागा हरिणीत सापडली. नाटकाच्या शेवटी दूत मुलीच्या आईला, क्लायटेम्नेस्ट्राला, येऊन सांगतो, की घाव बसला खरा, पण मुलगी दिसेनाशी झाली आणि वेदीवर हरिणी तडफडत होती. सिनेमात हरिणी सुरुवातीलाच येते. वारा पडलेला, सैन्य उपाशी, आणि शिकारीत आर्टेमिसची पवित्र हरिणी मारली जाते. शेवटी मात्र तिचा पत्ता नाही. नाटकात मुलीला वाचवणारी हरिणी इथे तिच्या मरणाचं निमित्त होते!

यावर 'दिग्दर्शकाने शेवट बदलला' असं लिहून मोकळं होण्याचा मोह होतो. पण संहिता पुन्हा वाचा. दूताचं ऐकून आई म्हणते, माझं दुःख हलकं व्हावं म्हणून ही गोष्ट रचली नसेल कशावरून? म्हणजे शंका नाटकातच आहे, सिनेमाने ती फक्त खरी मानली. त्यातून हा शेवट युरिपिडीसचा नव्हेच, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत. नाटक रंगभूमीवर आलं तेच त्याच्या मृत्यूनंतर. सिनेमात शेवटी क्लायटेम्नेस्ट्रा झालेली आयरीन पापास निघालेल्या जहाजांकडे नुसती बघते. नवरा ट्रॉयहून परतल्यावर ती त्याचा खून करणार, हे माहीत असेल तर ती नजर सोसवत नाही.

कामाच्या दोन गोष्टी. संहिता आधी, सिनेमा नंतर. माझं उलटं झालं आणि वाचताना पापासच दिसत राहिली. आणि प्रत्येक दृश्यापुढे मिनिट-सेकंद लिहून ठेवा, नाहीतर आदल्या रात्री सव्वादोन तास रिमोट दाबत बसाल. ॲरिस्टॉटलची तक्रार, की जीव वाचवा म्हणून विनवणारी इफिजेनिया आणि नंतर मरायला तयार झालेली इफिजेनिया एक वाटत नाहीत, मला विंदा करंदीकरांनी केलेल्या त्याच्या 'पोएटिक्स'च्या मराठी अनुवादातून नीट कळली. इंग्रजीचा पेपर म्हणून लाजू नका.

पुढच्या तासाला मॅडमनी शेवटचं दृश्य आवाज बंद करून लावलं. मुलगी पायऱ्या चढतेय आणि तेवढ्यात वारा सुटतो. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "वारा आधीच सुटला ना? मग मारलं कशाला तिला?"

माझा दुसरा निबंध तिथूनच सुरू झाला.