पावसात तळ्याकाठी पक्षी कसे पाहावेत

पावसाळी दिवशी खरी कमाई उघडिपीत होते. संततधारेत झाडीतले पक्षी अंग चोरून बसतात. सर ओसरली की पंख झटकायला, पिसं साफ करायला उघड्यावर येतात. म्हणून पाऊस थांबण्याची वाट गाडीत बसून पाहू नका. सर चालू असतानाच, वारा पाठीशी घेऊन, जागा धरून बसा. समोरून वारा असेल तर थेंब थेट भिंगावर येतात.

दुर्बीण ८×४२ घ्या, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. ४२ भागिले ८, म्हणजे सव्वापाच मिलिमीटर रुंद प्रकाशझोत डोळ्यापर्यंत येतो. १०×४२ मध्ये तोच ४.२ भरतो, आणि ढगाळ उजेडात हा फरक कळतो. नायट्रोजन भरलेल्या दुर्बिणीत वाफ आतून धरत नाही, पण बाहेरून धरतेच. एसी गाडीतून दमट हवेत उतरलात की थंड काच लगेच धूसर होते, तेव्हा पोहोचण्याच्या दहा मिनिटं आधी एसी बंद करून खिडक्या उघडा. दुर्बीण रेनकोटच्या आत खुपसू नका, घामाची वाफ आयपीसवर, म्हणजे डोळ्याकडच्या काचेवर, बसते. बाहेरच लटकू द्या, आयपीसवर रेनगार्ड, म्हणजे पावसाचं झाकण, लावून. भिंग पुसताना आधी ब्लोअरने (हवा फुंकायच्या रबरी फुग्याने) कण उडवा, मग कापडाने थेंब टिपा. घासलंत तर राहिलेला एक कणही भिंगावरच्या लेपावर ओरखडा काढतो.

छत्री नको. एक हात अडकतो आणि पक्षी बुजतात. रेनकोट मळकट रंगाचा, सळसळ न करणारा. नोंदीला पेन्सिल, बॉलपेन ओल्या कागदावर उमटत नाही.

आधी पाण्यालगत बघा. ढग उतरले की किडे खाली येतात आणि त्यांच्यामागे पाकोळ्या, भिंगऱ्या हे पक्षी पाण्याला जवळजवळ चाटून जातात. पाणी चढून चिखलाचा पट्टा बुडाला असेल तर तुतारी, शेकाटे असे चिखलात टिपणारे पक्षी शोधायला काठच्या उथळ, बुडालेल्या गवतात जा.

ओळख पटवताना रंगावर विसंबू नका. भिजलेला पक्षी गडद आणि बारीक दिसतो, पांढऱ्या आभाळासमोर तर नुसतीच काळी आकृती. चोच डोक्याच्या किती पट आहे, पाय किती लांब, चालतो कसा, हे पाहा. तुतारी चिखलात टिपताना शेपटाकडचा भाग सारखा वरखाली हलवते. तेवढ्यावर ती दुरूनही कळते. घरट्याजवळ मात्र थांबू नका. आई उडाली तर पावसात अंडी गारठतात.

बांधाच्या कडेला उभं राहू नका. भिजलेली माती आतून खचलेली असते. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ लागला तर पक्कं घर किंवा बंद गाडी गाठा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका. झाडाखाली तर मुळीच नको.

घरी आल्यावर दुर्बीण रात्रभर पंख्याखाली उघडी ठेवा. ओली केसमध्ये बंद केलीत तर बुरशी धरते, आणि भिंगावरची बुरशी पुसून जात नाही.