बूस्ट पेडल: आवाज वाढणार की फाटणार, हे जागेवर ठरतं

बूस्ट म्हणजे इलेक्ट्रिक गिटार आणि अ‍ॅम्पच्या मध्ये जोडायचं, सिग्नल मोठा करणारं पेडल. सोलोला तो दाबला, पण आवाज मोठा न होता नुसता फाटला, तर बहुतेक वेळा पेडल ठीकच असतं. ते चुकीच्या जागी जोडलेलं असतं.

आधी पॉवर. बहुतेक बूस्ट पेडल ९ व्होल्ट डीसीवर चालतात आणि पिन सेंटर-निगेटिव्ह (मधलं टोक ऋण) असते. प्लग बसला म्हणजे अ‍ॅडॉप्टर चालेलच असं नाही. दोन्हींवर छापलेलं पोलॅरिटीचं चिन्ह जुळवून बघा. १८ व्होल्ट मॅन्युअलमध्ये चालतं असं लिहिलं असेल तरच द्या. बॅटरी वापरत असाल तर वाजवून झाल्यावर इनपुटची केबल काढाच. ती लागलेली असली की एलईडी बंद असूनही बॅटरी उतरत राहते.

आता लेव्हल. अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम खाली ठेवून केबल जोडा, मग नेहमीच्या पातळीवर आणा. एकच कॉर्ड वाजवत पेडल चालू-बंद करा आणि दोन्हीकडे आवाज सारखा वाटेल तिथे नॉबशेजारी पेन्सिलची खूण करा. ही युनिटी. काही पेडलमध्ये ती नॉब पूर्ण खाली असतानाच मिळते, म्हणून ‘बारा वाजता’ ठेवून सुरुवात करण्यात अर्थ नाही. सोलोला ३ ते ६ डीबी साधारण पुरतात. ६ डीबीला सिग्नलचं व्होल्टेज दुप्पट होतं, २० डीबीला दहापट. पूर्ण उघडा नॉब किती जास्त आहे ते यावरून कळेल.

खरी गंमत जागेची. ओव्हरड्राइव्हच्या (आवाज मुद्दाम फाडणाऱ्या पेडलच्या) आधी बूस्ट लावला तर ड्राइव्हला मोठा सिग्नल मिळतो. पण ड्राइव्ह आधीच क्लिप होत असतो, म्हणजे सिग्नलची टोकं कापत असतो, त्यामुळे व्हॉल्यूम जेमतेम वाढतो. गेन आणि सस्टेन मात्र वाढतात. नंतर लावला तर टोन तोच राहून आवाज उठतो, पण अ‍ॅम्प क्लीन असेल तरच. अ‍ॅम्पचा प्रीअ‍ॅम्पच (सुरुवातीचा, टोन घडवणारा भाग) फाटत असेल तर बूस्ट अ‍ॅम्पच्या इफेक्ट्स लूपमध्ये, म्हणजे प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर अ‍ॅम्पच्या मधल्या जोडणीत टाका: सेंडमधून बूस्टच्या इनपुटला, आउटपुटमधून रिटर्नला. काही अ‍ॅम्पच्या लूपमधला सिग्नल गिटारच्या सिग्नलपेक्षा बराच तगडा असतो आणि ९ व्होल्टवरचं पेडल तिथे स्वतःच क्लिप होतं; सेंड लेव्हल कमी करा. पॉवर अ‍ॅम्प (स्पीकर चालवणारा भाग) शेवटच्या टोकाला पोचला असेल तर मात्र कुठेही लावा, आवाज वाढणार नाही. तेव्हा एरवीचा व्हॉल्यूमच खाली घ्यावा लागतो.

जुन्या धाटणीचा जर्मेनियम फझ (जर्मेनियम ट्रान्झिस्टरचं, आवाज खूप फाडणारं पेडल) असेल तर तो बूस्टच्या आधी, थेट गिटारला जोडा. मध्ये बूस्ट आला की फझ कर्कश होतो आणि गिटारच्या व्हॉल्यूम नॉबने तो हवा तसा साफ होत नाही. मुख्यतः वरचे, तीक्ष्ण सूर वाढवणारा ट्रेबल बूस्टर हा वेगळा प्राणी आहे: क्लीन अ‍ॅम्पवर तो पातळ, टोचरा वाटतो, फाटत्या अ‍ॅम्पसमोरच खुलतो.

खरखर वाढली तर लक्षात घ्या की बूस्ट त्याच्या आधीचं सगळंच मोठं करतो, ड्राइव्हचा हिससुद्धा. गुणगुण येत असेल तर बाकीचे पेडल काढून फक्त गिटार, बूस्ट, अ‍ॅम्प ठेवा आणि बूस्ट बॅटरीवर चालवा. गुणगुण गेली तर डेझी चेनवर, म्हणजे एकाच अ‍ॅडॉप्टरवरून अनेक पेडलना वीज देणाऱ्या वायरवर संशय घ्या. प्रत्येक पेडलला वेगळी वीज देणारा आयसोलेटेड सप्लाय लावून बघा. तशीच राहिली तर केबल बदला, मग सिंगल-कॉइल पिकअप असलेली गिटार अ‍ॅम्पपासून दूर नेऊन, थोडी वळवून ऐका. नुसता नॉब फिरवताना करकर होत असेल तर बहुधा पॉटमध्ये (नॉबखालच्या फिरत्या भागात) धूळ असते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत काही वेळा फिरवला की ती जाते.